बारावं खोगीर

१

माझ्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यातून मला फक्त पाय दिसतात. खोली अंगणापेक्षा तीन पायऱ्या खाली आहे, त्यामुळे खिडकीची चौकट बाहेरच्या जमिनीला टेकलेली. दिवसभर समोरून खूर जातात, बूट जातात, बादल्यांचे तळ जातात. मास्तर टाच आधी टेकवतात. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा आमचा म्हातारा, उजवा पाय ओढतो आणि कुणी बघत असेल तर जरा जास्तच ओढतो. तोंडं बघून माणसं ओळखणाऱ्यांपेक्षा मी कमी फसले आहे, असं माझं मत आहे.

ही घोडेस्वारी शिकवणारी शाळा. अकरा घोडे, अकरा खोगिरं, अकरा लगाम. सकाळचे वर्ग आटोपले की सगळं सामान घामाने आणि मळाने चिकट होऊन माझ्याकडे येतं आणि दुपारी बाकीचे लवंडले की मी ते साफ करायला घेते. सव्वीस वर्षं हेच. लोकांना वाटतं, चामडं पुसायला काय अक्कल लागते. लागते. बकलं सोडून एकेक वादी सुटी करायची. स्पंज असा पिळायचा की त्यात पाणी आहे हे त्यालाच कळू नये. साबणाच्या वडीवर फिरवायचा, पण फेस येऊ द्यायचा नाही. घाम आणि चरबी मिळून चामड्यावर काळे मणी धरतात. ते नखाने खरवडले तर चामडं दुखावतं, म्हणून बोटाच्या पेराने गोल गोल फिरवत काढायचे. मग सावलीत वाळवायचं आणि शेवटी खरबरीत बाजूने बेताचं तेल द्यायचं.

आणि प्रत्येक घोड्याला वेगळं फडकं. एकाची खरूज दुसऱ्याला जायला एक फडकं पुरतं. रोज दुपारी मी पत्र्याच्या डब्यातून अकरा फडकी मोजून काढते आणि काम झालं की धुऊन पायऱ्यांशेजारच्या दोरीवर घालते. मास्तर एकदा म्हणाले होते, "मावशी, एका फडक्यात भागत नाही का?" मी म्हटलं, "तुम्ही घरात सगळ्यांना मिळून एक टूथब्रश करून बघा, मग बोलू." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

२

एका मंगळवारी दोरीवर बारा फडकी दिसली.

मला हसूच आलं. म्हातारपण येतं ते आधी मोजदादीत येतं म्हणायचं. डब्यातून एक जास्तीचं निघालं असेल आणि बाकीच्यांबरोबर तेही धुतलं गेलं असेल, एवढीच गोष्ट. पण फडकी पिळताना प्रत्येक वेळी पाणी काळं निघालं होतं, हे मला आठवत होतं. एखादं कोरं असतं तर एकदा तरी पाणी स्वच्छ दिसायला हवं होतं.

बाहेर मोतद्दार बादली भरत होता. मी खिडकीतून त्याच्या पायांना विचारलं, "आज नवीन घोडा आलाय का हो?"

पाय थांबले. "आहेत त्यांचीच पोटं भरताना जीव जातोय. का?"

"एक फडकं जास्त झालंय."

"मग बरंच झालं. मला द्या, रुमाल करतो."

"तुमच्या नाकाला चादर लागेल," मी म्हटलं. तो खोकल्यासारखा हसला आणि पाय ओढत गेला. संध्याकाळी घरी जाताना मात्र माझी बोटं ठणकत होती. अकरा खोगिरांनंतर ती किती ठणकतात हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी त्याहून थोडी जास्त ठणकत होती.

३

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून मोजलं. मांडणीवर खोगिरं अकरा. लगाम अकरा. अकरा फडकी घडी करून समोरच्या फळीवर ओळीने ठेवली आणि दाराला आतून कडी घातली.

दुपारची ती वेळ माझ्या आवडीची. ऊन खिडकीतून तिरकं आत येतं आणि फरशीवरून सरकत लाकडी घोडीपर्यंत पोचतं. खोगीर साफ करताना ज्याच्यावर चढवायचं त्या चौपायी लाकडाला आम्ही घोडी म्हणतो. साबणाचा आणि मेणाचा वास खोलीत भरून राहतो. पलीकडे तबेल्यात कुणी फुरफुरतं, कुणी पाय आपटतं. हात आपलं काम आपापलं करत असतात आणि डोकं कुठेतरी लांब गेलेलं असतं, झोपेच्या अलीकडे, जागेपणाच्या पलीकडे. किती वेळ गेला ते कळत नाही.

अकरावं फडकं बादलीत टाकून मी मान वर केली तर समोर घोडीवर एक मळलेलं खोगीर होतं. त्याचा लगाम त्याच्यावरच आडवा टाकलेला.

मी मांडणीकडे पाहिलं. अकरा खोगिरं, पुसलेली, ओळीने. बोट लावून पुन्हा मोजली. अकराच होती.

खरं सांगते, मला आधी राग आला. कुणीतरी परस्पर आपलं सामान माझ्या गळ्यात घालून गेलं असं वाटलं. पण कडी आतून होती. मी ती काढून, पुन्हा घालून पाहिली. दार नीट बसत होतं. मग मी डब्यातून बारावं फडकं काढलं, कारण मळलेलं चामडं समोर असताना हातावर हात ठेवून बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

आमच्या अकराही घोड्यांचा घाम मी डोळे मिटून वासावरून सांगेन. हा वास त्यांतल्या कुणाचाच नव्हता. वाईट नव्हता. खूप दिवस झाकलेल्या विहिरीवरची फळी सरकवली की येतो तसा, गार. मळाचे मणी काळ्याऐवजी फिकट राखाडी होते आणि बोटाखाली इतके अलगद सुटत होते की हात थांबवावासा वाटेना. लगामाचं लोखंड घोड्याच्या तोंडात असतं. त्याच्यावर चावलेल्या गवताचा हिरवा रस होता, अजून ओला. त्या महिन्यात आमच्या आसपास हिरवं पातं नव्हतं. घोडे वाळका चारा खात होते.

साफ झालेलं खोगीर मी दारामागच्या रिकाम्या दांडीवर ठेवलं आणि फडकी धुवायला बाहेर गेले. परत आले तेव्हा दांडी रिकामी होती.

४

माझी भाची तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिची आई, माझी धाकटी बहीण, गेली तेव्हा ती चार वर्षांची, आणि तेव्हापासून ती माझ्याकडेच. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी थांबलेली कुणी पाहिलेली नाही. सातव्या वर्षी तिने भिंतीवरून उडी मारून डावा पाय मोडून घेतला. हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. जमिनीवर ती किंचित लंगडते. घोड्यावर बसली की लंगडायचा प्रश्नच येत नाही, आणि हे तिला कळल्यापासून ती जमिनीवर फारशी राहिलेलीच नाही.

खोगिराच्या दोन्ही बाजूंना पाय अडकवायला कड्या असतात, त्या रिकिबी. त्या ज्या वाद्यांना लटकतात त्यांना भोकं असतात आणि स्वाराच्या पायाच्या मापाने बकल लावायचं असतं. साऱ्या जगाच्या दोन्ही रिकिबी एकाच भोकावर असतात. भिंगरीची उजवी सातव्यावर आणि डावी सहाव्यावर असते.

पुढच्या आठवड्यात शनिवारी निवड होती. दूरच्या एका मोठ्या शाळेतून परीक्षक येणार होते, आणि ज्याला निवडतील तो तिकडे जाणार होता, पाच वर्षांसाठी. भिंगरीला दिवसरात्र तेच.

"मावशी, मी गेल्यावर तू काय करशील गं?" जेवताना तिने विचारलं.

"शांतपणे जेवेन."

"रडशील."

"कांदा चिरताना रडेन. एरवी मला वेळ नसतो."

"आणि मोजेवाली? तिचं काय?" मोजेवाली म्हणजे तिची घोडी. चारही पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे पट्टे, आणि पाठ इतकी अरुंद की दुसरं कुठलं खोगीर तिला बसत नाही.

"तिच्यावर तुझ्याशिवाय बसणारं आहे कोण? चिडकी आहे ती. कुणावर गेलीये कोण जाणे."

भिंगरी हसली आणि माझ्या ताटातला घास उचलून उठली. आता एकच ताट मांडायचं, या विचाराने माझ्या पोटात खड्डा पडला होता. तिला मी तसं म्हटलं नाही. पोरगी निघालेली असताना तिला आपल्या पोटातले खड्डे दाखवू नयेत, असं मला वाटत होतं.

५

बारावं खोगीर रोज यायला लागलं. त्याला येताना पकडायचं असं मी दोनदा ठरवलं. पण ऊन घोडीच्या पायापाशी आलं की पापण्या जड व्हायच्या, आणि पुन्हा लक्ष जायचं तेव्हा ते समोर असायचं.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मी मोतद्दाराला आत बोलावलं. तो कुरकुरत पायऱ्या उतरला.

"मोजा," मी म्हटलं.

त्याने मोजली. "अकरा."

"आणि हे घोडीवरचं?"

"हे धरून अकरा."

मी मोजली. हे धरून अकराच भरली. म्हणजे मांडणीवर दहा होती, आणि कुठलं कमी आहे ते मला सांगता येईना. सव्वीस वर्षं जी माझ्या हातांतून गेली, त्यांतलं कुठलं नाही तेच ओळखू येईना. मी एकेक नाव आठवत राहिले आणि प्रत्येकाचं खोगीर जागेवर दिसत राहिलं.

"मावशी, दुपारी जरा पडत जा," मोतद्दार हळू आवाजात म्हणाला. "हा वास डोक्यात जातो. माझ्या सासऱ्यांना म्हातारपणी दुपारी त्यांची सासू दिसायची."

"मेलेली?"

"छे, जिवंत. तेच तर दुःख होतं त्यांचं."

त्याचे पाय खिडकीसमोरून गेल्यावर मी पुन्हा मोजली. मांडणीवर अकरा आणि घोडीवर एक.

त्या दिवशी मी रिकिबींकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. इतके दिवस मी वाद्या सोडत होते, पुसत होते आणि जशा होत्या तशा लावत होते, हातांच्या सवयीने. उजवी सातव्या भोकावर होती. डावी सहाव्यावर.

बकल जिथे बसतं तिथे वादीला घडी पडते, आणि घडीच्या खोलीवरून वादी किती वर्षं त्या मापाला वापरली हे मला सांगता येतं. भिंगरीच्या खोगिराला चार वर्षांची घडी आहे, नखाने ओढलेल्या रेघेएवढी. या वादीच्या घडीत माझ्या करंगळीचं टोक बसलं. तीस वर्षं धरा, चाळीस धरा. भिंगरी एकोणीसची होती.

तोवर मला नवल वाटत होतं, राग येत होता. भीती त्या घडीला वाटली, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

६

मी मास्तरांना गाठलं. "या खेपेला भिंगरीला बसवू नका."

"का? पाय दुखतोय तिचा?"

"पाय नाही. तिचं... खोगीर बरं वाटत नाही मला."

"साफ कोण करतं ते?"

"मीच."

"मग उत्तम असणार." मास्तर वाईट माणूस नव्हेत. "मावशी, तुम्ही तिला लहानाचं मोठं केलंत. जीव तुटतो, मला कळतं. पण जाऊ द्या तिला. इथं राहून ती काय करणार आहे?"

मास्तर निम्मे बरोबर होते. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, आणि मी तर रोज दुपारी बसल्या बसल्या पेंगते. अठ्ठावन्न वर्षांची एकटी बाई, पोरगी दूर जाणार म्हणून धास्तावलेली. तिने एक खोगीर कल्पनेत शिवलं, त्याला पोरीच्या पायाचं माप दिलं, आणि आता त्यालाच घाबरते आहे. दुसऱ्या कुणी मला ही गोष्ट सांगितली असती तर मी त्याला हेच सांगितलं असतं, आणि वर चार शब्द सुनावले असते.

त्या संध्याकाळी मी घरी दोनदा साबण लावून हात धुतले. भिंगरी मागून आली आणि तिने माझा ओला तळहात धरून नाकाशी नेला.

"कसला वास आहे गं हा?"

"साबणाचा."

"नाही. त्याच्याखाली आहे तो." तिने डोळे मिटून घेतले होते. मी तिला इतकं स्थिर उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. "कुठला घोडा आहे हा, मावशी? किती छान वास येतोय."

मी हात ओढून घेतला आणि तिला भाजी बघायला पाठवलं.

७

शनिवारी निवड चार वाजता होती. दुपारी मी सगळी खोगिरं साफ केली, भिंगरीचं सर्वांत शेवटी. पुसलं, वाळवलं, तेल दिलं. मग खणातून चामडं कापायची रापी काढली.

खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा म्हणजे तंग. तो ज्या वाद्यांना अडकवतात त्या तुटल्या की खोगीर नुसतं गादीसारखं. लोक वादीसाठी म्हैस मारतात, मी पोरीसाठी वाद्या मारायला निघाले होते. दोन्ही बाजूंच्या मिळून सहा. सव्वीस वर्षांत मी चामड्याला ओरखडा उठू दिला नव्हता. पहिल्या वादीला मला दोनदा रापी टेकवावी लागली. पुढच्या पाच सहज कापल्या गेल्या, आणि याचीच मला नंतर लाज वाटली.

मी सगळा हिशेब मांडला होता. तिचं खोगीर नाही, दुसरं मोजेवालीला बसत नाही, म्हणजे ती बसणार नाही. ओरडेल, महिनाभर बोलणार नाही, तोंड बघणार नाही. न बघू दे. पुढची निवड दोन वर्षांनी असते. तेवढ्यात हे जे काय आहे ते यायचं बंद होईल, किंवा माझं डोकं ठिकाणावर येईल. भिंगरी घरात राहील, हे मी या हिशेबात वेगळं धरलं नव्हतं, पण ते होतंच.

बारावं खोगीर त्या दिवशीही आलं, आणि तेही मी साफ करून दारामागच्या दांडीवर ठेवलं. फडकी धुऊन परत आले तरी ते तिथेच होतं. रोज ते एवढ्यात गेलेलं असायचं. मला ते दिसलं, पण माझं सगळं चित्त मांडणीवरच्या कापलेल्या वाद्यांकडे होतं. मी झाकण म्हणून तिथे फडकं टाकत होते, काढत होते, पुन्हा टाकत होते.

८

तीन वाजता खिडकीसमोरून भिंगरीचे बूट धावत गेले. ती घोड्यावर बसूनच आत आली म्हणायची.

"मावशी, खोगीर दे पटकन. मोजेवालीला कुणीतरी आधीच बाहेर आणून बांधलंय. मोतद्दारकाका आज भलतेच शहाणे झालेत."

तिने स्वतःच फडकं बाजूला केलं आणि खोगीर उचललं. वाद्यांचे तुकडे खाली पडले. तिने एक तुकडा उचलून टोक पाहिलं. झिजून तुटलेलं चामडं आणि कापलेलं चामडं यांतला फरक तिला मीच शिकवला होता.

"तू कापलंस?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी करून बसले होते.

"मला सांगायचंस ना गं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "नको जाऊस म्हणायचंस. मी थांबले असते."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. ती डोळे पुसत दाराकडे वळली, आणि दारामागे बघून थांबली.

"हे कुणाचं?"

"त्याला हात लावू नकोस."

तिने हात लावला होता. सवयीने आधी टाके पाहिले, तंगाच्या वाद्या ओढून पाहिल्या. भक्कम होत्या. आठवडाभर मीच त्यांना तेल देत होते. मग तिने रिकिबी हाताने मापल्या, उजवी आणि मग डावी. ती वळली तेव्हा तिचा चेहरा पार बदलला होता.

"हे माझ्या मापाचं आहे." मग अगदी हळू, "माझ्यासाठी करून घेतलंस? म्हणून जुनं कापलंस?"

मी खोगीर काढून घ्यायला हात पुढे केला.

"आधी रडवायचं आणि मग द्यायचं. अशी कशी गं तू?" ती हसत होती, रडत होती, आणि तिने मला खोगिरासकट मिठी मारली. त्याचा तो गार वास आमच्या दोघींच्या मध्ये होता. तिने मला माफ केलं होतं. एवढं मोठं, एवढ्या लवकर. मी "हो" म्हणाले नाही. "नाही" म्हणायला हवं होतं, आणि ती मिठी एक श्वासभर आणखी राहावी म्हणून मी ते म्हणाले नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तेवढ्यात ती पायऱ्या चढून गेलीसुद्धा.

"बसतंय गं अगदी बरोबर," बाहेरून तिचा आवाज आला. बकलं लागल्याचे आवाज आले. मी खिडकीकडे पाहिलं. भिंगरीचे बूट दिसत होते आणि त्यांच्यापलीकडे घोड्याचे चार पाय. त्यांना पांढरे मोजे नव्हते. ते गडद होते, कुठला रंग ते मला आजही सांगता येणार नाही, आणि गुडघ्यांपर्यंत ओले होते. अंगण कोरडं ठणठणीत होतं, आणि त्या पायांवरून पाणी खाली ओघळत होतं.

डावा बूट जमिनीवरून उचलला गेला. मग उजवा.

मग ते पाय खिडकीसमोरून चालत गेले. सव्वीस वर्षं त्या खिडकीसमोरून घोडे जाताहेत. खुरांचा आवाज झाला नाही असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

९

तीन पायऱ्या चढायला मला किती वेळ लागला कोण जाणे. वर आले तेव्हा अंगण मोकळं होतं आणि फाटक सताड उघडं. मी तिला हाक मारली. मग तबेल्याकडे धावले.

मोजेवाली आपल्या जागेवर होती. अंग कोरडं, पाठ मोकळी. मी एकेका दारापाशी जाऊन डोकी मोजली. अकरा. अकराही घोड्यांनी चारा सोडला होता. सगळे कान टवकारून फाटकाकडे बघत होते.

मोतद्दार जेवून तोंड पुसत आला. "मोजेवालीला बाहेर? मी कशाला बांधू? मी तर आत्ता येतोय." थोड्या वेळाने मास्तर आले, हातात घड्याळ. "भिंगरी कुठाय? पहिला नंबर तिचाच आहे."

"येईल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुढे सगळं झालं. शोध झाला, चौकशी झाली, चार दिशांना माणसं गेली. माझ्या खोलीत कापलेल्या वाद्या सापडल्या तेव्हा लोक माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघायला लागले, आणि ती नजर मी कमावलेली आहे. मास्तर म्हणतात, ती रागाने निघून गेली, राग उतरला की येईल. मोतद्दार आता खिडकीसमोरून जाताना पाय ओढत नाही, भरभर जातो.

मी मात्र रोज दुपारी येते. ताप असला तरी येते, रविवारीही येते. मास्तरांनी दोनदा म्हणून पाहिलं, "मावशी, आता आराम करा, दुसऱ्या कुणाला तरी शिकवा." मी ऐकलं नाही. बाराव्या खोगिराला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. आठवडाभर तेल चुकलं की चामडं कोरडं पडतं, कोरडं पडलं की तडकतं, आणि ती जिथे कुठे आहे तिथे याच सहा वाद्यांच्या भरवशावर बसलेली आहे. म्हणून मी टाकान्‌टाका बोटाने तपासते. कधी बकलात बारीक वाळू असते, कधी रिकिबीला निळसर चिखल असतो. एकदा तंगात एक लांब केस अडकलेला होता, तिचाच, मुळाकडे पांढरा झालेला.

पण ते सगळं नंतर. ऊन घोडीपाशी येतं, माझी मान खाली जाते, वर होते, आणि ते समोर असतं. मी आधी त्याच्या बैठकीवर तळहात ठेवते. चामड्यात ऊब असते, आत्ता कुणी उठून गेल्यासारखी. ती ऊब निवेपर्यंत मी स्पंजाला हात लावत नाही.